आजीला सांगायची किंमत

जुना कॉम्प्युटर सहसा मरत नाही, मरते ती त्याची हार्डडिस्क. बाकी सगळं शाबूत असतं: पिवळी पडलेली कॅबिनेट, घरघरणारा पंखा, एक बटण दोनदा दाबावं लागणारा कीबोर्ड. हार्डडिस्क मात्र एखाद्या सकाळी टकटक करायला लागते, दुपारी त्या टकटकीला ठेका सापडतो आणि संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत निरोप येतो की सुरू होण्याजोगी डिस्क सापडलेली नाही, ती घाला आणि कुठलंही बटण दाबा. मालक कुठलंही बटण दाबतो. तोच निरोप पुन्हा येतो. मग तो वेगळं कुठलंही बटण दाबतो.

शेवटी दुकान. "आयडीई डिस्क आहे का?" असं विचारलं की काउंटरमागचा मुलगा आतल्या मोठ्या माणसाला हाक मारतो, कारण आयडीई हा प्रकार तो जन्मला त्याच्या आधीचा. मोठा माणूस बाहेर येऊन सांगतो की नवीन मिळत नाही, जुनी मिळेल, पण ती तुमच्या डिस्कपेक्षा वयाने मोठी असेल. नवीन मिळते ती एसएसडी. तिचं तोंड निराळं, वीज घ्यायची जागा निराळी, भाषा निराळी. मग तो खणात हात घालून बोटभर लांबीची हिरवी पट्टी काढतो. एका बाजूला 40 भोकं, दुसऱ्या बाजूला एल आकाराची खाच, मध्ये नखाएवढी काळी चिप. पुस्तकात याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात, बाजारात कन्व्हर्टर.

या नखाएवढ्या चिपला काय करावं लागतं ते पाहिलं तर तिच्याबद्दल आदर वाटतो. आयडीईची चपटी पट्टी एका वेळी 16 बिट पाठवते, सगळे खांद्याला खांदा लावून. या पट्टीत सुरुवातीला 40 तारा होत्या. वेग वाढला तशा शेजारच्या तारा एकमेकींच्या बोलण्यात लुडबुड करू लागल्या. म्हणून दर दोन तारांच्या मध्ये एकेक नवी तार घालून त्या 80 केल्या. या नव्या 40 तारा काहीच वाहून नेत नाहीत. त्या नुसत्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि दोन बोलक्या तारांमध्ये गप्प बसतात. 2003च्या सुमारास आयडीईच्या जागी साटा आलं आणि त्यात डेटासाठी 7च पिना राहिल्या, त्यातल्याही 3 ग्राउंडच्या. बोलणाऱ्या तारा 4: दोन जायच्या, दोन यायच्या. म्हणजे एका बाजूने 16 जण एकदम दारात येतात, चिप त्यांना एकामागे एक उभं करून बोळातून पलीकडे नेते, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा 16 जणांची रांग आडवी मांडून देते. सेकंदाला कोट्यवधी वेळा. हे सगळं दोनतीनशे रुपयांत.

पण हे झालं अंगमेहनतीचं काम. चिपचं खरं कौशल्य थापा मारण्यात आहे.

मराठी घरात आजीला किंमत सांगायची एक रीत असते. साडी 3200ची असली तरी आजीला 600 सांगायचं. आजीचा बाजारभाव कुठल्या तरी वर्षी थांबलेला असतो आणि त्यापुढचा आकडा कानावर पडला की ती एकतर रात्री जेवत नाही किंवा दोन दिवस कोणाशी बोलत नाही. 600 ऐकलं की "जरा महागच पडली" म्हणते, साडीवरून हात फिरवते आणि घर पुढे चालू राहतं. यात फसवणूक नसते. आजीला मोजता येईल अशा आकड्यात व्यवहार कळवलेला असतो, एवढंच.

जुन्या मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करून देणारा बायॉस म्हणजे अशीच आजी. तिचाही आकडा कधीतरी थांबलेला. एका पिढीच्या बायॉसला 528 एमबीपुढे मोजता येत नव्हतं, कारण त्याच्या पाढ्यात 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर एवढंच बसायचं आणि एका सेक्टरमध्ये 512 बाइट. पुढची पिढी 8.4 जीबीला अडली. त्यापुढची 137 जीबीला, कारण पत्ता लिहायला 28 बिटच ठेवले होते. मधली एक पिढी तर 32 जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की शब्दच सोडायची. चुकीचा आकडा दाखवणं वगैरे नाही, कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायचा. म्हणून त्या काळच्या कितीतरी हार्डडिस्कवर एक जंपर असायचा, दोन पिनांवर बसणारी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी टोपी. ती विशिष्ट जागी लावली की 40 जीबीची डिस्क "मी 32ची" असं सांगायची. आठ जीबी पाण्यात, पण मशीन सुरू. एवढ्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी टेबलाभोवती बसून अधिकृतपणे, नियमपुस्तिकेत आकृती छापून, आजीला कमी किंमत सांगण्याची सोय केली होती.

आता त्या मशीनला एसएसडी लावली आणि मध्ये कन्व्हर्टर बसवला की चालू करताना आत साधारण असा संवाद होतो.

"सिलिंडर किती?" बायॉस विचारतो.

"16383."

"हेड किती?"

"16."

"बरं. ट्रॅकला सेक्टर?"

"63."

"बस मग."

एसएसडीत सिलिंडर नसतं. हेड नसतं. ट्रॅक नसतो. आत काही फिरतच नाही, नुसत्या फ्लॅश मेमरीच्या वड्या चिकटवलेल्या असतात. तरी एसएसडी पाठ केल्यासारखं उत्तर देते आणि कन्व्हर्टर चेहरा न हलवता ते पुढे पोचवतो. बिचाऱ्या एसएसडीला एकटीलाच दोष द्यायलाही नको. फिरणाऱ्या डिस्कासुद्धा हेच सांगायच्या. 16 हेड खरोखर असायची तर आत आठ तबकड्या हव्यात. घरगुती डिस्कमध्ये एक किंवा दोन असायच्या. ही थाप घराण्यात पूर्वीपासून चालत आलेली आहे. नव्या सुनेने ती फक्त पुढे चालवली.

आणि बायॉसला जे सांगितलं जातं, त्यावर तो ठाम विश्वास ठेवतो हे पाहून मन भरून येतं. अमुक नंबरच्या सेक्टरमध्ये लिही, असं तो सांगतो. एसएसडी "लिहिलं" म्हणते. प्रत्यक्षात तिने ते भलतीकडेच लिहिलेलं असतं, कारण एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिलं तर ती जागा झिजते, म्हणून ती दर वेळी नवी जागा शोधते आणि कुठे काय ठेवलं त्याचा तक्ता स्वतःजवळ ठेवते. विचारल्यावर बरोबर तेच काढून देते, म्हणून कोणाची तक्रार नाही.

आता कोणी विचारेल की एवढं करून वेग किती मिळतो. आयडीईचा सगळ्यात वेगवान प्रकार सेकंदाला 133 एमबीचा, जुन्या बोर्डावर बहुतेक 33 किंवा 66. साटा एसएसडी साडेपाचशेच्या घरात जाते. म्हणजे तिची निदान तीनचतुर्थांश ताकद दारातच अडते. माझं मत विचाराल तर तरीही लावावी. जुनं मशीन रखडतं ते प्रवाह बारीक म्हणून कमी आणि हेड शोधाशोध करत हिंडतं म्हणून जास्त. फिरणाऱ्या डिस्कला एक तुकडा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग. त्यामुळे मालकाला चहा ठेवून येईपर्यंत उघडणारं मशीन आधण येण्याआधी उघडतं. कित्येकांना हे आवडत नाही. चहाची सवय मोडते.

मुंबईत या साऱ्या कन्व्हर्टरांचं माहेर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला आहे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडी लॅमिंग्टन रोड. तिथल्या दुकानांत वस्तूपेक्षा वस्तूविषयीचं आश्वासन काळजीपूर्वक ऐकावं. कन्व्हर्टर हातात धरून "मेरे बोर्ड पे चलेगा?" असं विचारल्यावर "चलेगा" असं उत्तर आलं तर पैसे द्यायला हरकत नाही. "चलना चाहिए" याचा अर्थ दुकानदार देवभोळा आहे. "लगाके देखो" म्हणजे त्याने स्वतः लावून पाहिलं होतं आणि त्याला त्याविषयी बोलायचं नाही. आणि "चायना का है" हे उत्तर नसून पार्श्वसंगीत आहे, कारण त्या गल्लीत चायनाचं नाही असं काही हाती लागणं कठीणच. तिथे काही थोर माणसंही आहेत. ती तुमचा बोर्ड कोणता, चिपसेट कोणता, जंपर मास्टरवर आहे का स्लेव्हवर, हे विचारतात आणि मग स्वतःचाच माल घेऊ नका म्हणून सांगतात. त्यांच्या दुकानात गर्दी नसते.

विजेच्या कन्व्हर्टरवर मात्र पाच रुपये जास्त खर्च करावेत. वीज पुरवणाऱ्या जुन्या एसएमपीएसमधून येणारा चार पिनांचा मोलेक्स, त्यात पिवळी तार 12 व्होल्टची, लाल 5ची, मधल्या दोन काळ्या. साटाला वीज घ्यायला 15 पिना लागतात. बोलायला 7 आणि खायला 15, नव्या पिढीविषयी याहून जास्त काही म्हणायची गरज नाही. मोलेक्सवरून साटावर जाणाऱ्या स्वस्त तारांमध्ये एक प्रकार असा असतो की पिना ठेवून वरून प्लॅस्टिक ओतलेलं असतं. आतली तार कुठे सरकलीय ते दिसत नाही, दोन तारा एकमेकींना टेकल्या की कनेक्टर वितळतो, आणि कधीकधी पेट घेतो. ज्यात प्रत्येक तार वेगळी खोचलेली दिसते, तो घ्यावा. थाप मारण्याचं काम डेटाच्या कन्व्हर्टरला शोभतं, विजेच्या नाही.

थापेचं महत्त्व ज्याला पटत नसेल त्याने एम डॉट टूकडे पाहावं. 22 मिलिमीटर रुंद, बहुधा 80 मिलिमीटर लांब, च्युइंगमच्या पट्टीसारखी डिस्क. यात दोन जाती. एक आतून साटा, दुसरी एनव्हीएमई, म्हणजे थेट पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटशी बोलणारी. दिसायला दोघी जुळ्या. साटावालीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईवालीला बहुधा एक, पण या वाक्यातल्या "बहुधा"वर अनेकांचे पैसे बुडाले आहेत. कन्व्हर्टरही जुळे. एकीचा कन्व्हर्टर दुसरीला लावला की काहीच होत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, दिवा नाही. बिघाड झाला असता तर निदान कळलं तरी असतं.

एनव्हीएमईचा कन्व्हर्टर पाहिला तर त्यावर चिपच दिसत नाही. एक पट्टी, एक सॉकेट, टोकाला एक स्क्रू. पीसीआय एक्सप्रेसच्या तारा इकडून तिकडे सरळ नेलेल्या. भाषांतर नाही, मध्यस्थी नाही, काही लपवणं नाही. हा कन्व्हर्टर शंभर टक्के खरं बोलतो. म्हणूनच जुन्या बोर्डावर तो लावला की बायॉस त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. एनव्हीएमईचं पहिलं मानक 2011चं. त्याआधीच्या बायॉसला ही डिस्क म्हणजे काय हे माहीतच नाही. गंमत अशी की दुसऱ्या डिस्कवरून विंडोज सुरू केलं तर तीच एनव्हीएमई व्यवस्थित दिसते, धावते, मिरवते. फक्त तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. यावर लोकांनी उपाय काढला तो असा: एका पेनड्राइव्हवर एनव्हीएमई ओळखणारा छोटा प्रोग्रॅम टाकायचा आणि तो पेनड्राइव्ह कायमचा मशीनच्या मागे खोचून ठेवायचा. बायॉस पेनड्राइव्हवरून सुरू होतो. पेनड्राइव्ह हळूच एनव्हीएमईला हाक मारतो. आजीला 600 सांगायला शेवटी कोणीतरी लागतंच.

खरेपणाचा दुसरा अनुभव विंडोज एक्सपीने दिला. एक्सपी 2001चं, साटा त्याच्या मागून आलेलं. नव्या पद्धतीच्या साटा बोर्डावर एक्सपी टाकायला घेतलं की निळ्या पडद्याच्या तळाशी काही सेकंद एक ओळ चमकायची: बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असल्यास एफ 6 दाबा. दाबलं की तो ड्रायव्हर कशावर मागायचा? फ्लॉपीवर. सीडी नको, पेनड्राइव्ह नको. कॉम्प्युटर नवा कोरा, डिस्क साटा, आणि तिची ओळख करून द्यायला 1.44 एमबीची चौकोनी फ्लॉपी. लोक शेजाऱ्यांकडे फ्लॉपी ड्राइव्ह मागायला जात. शेजाऱ्यांनी तो नुकताच भंगारात दिलेला असे. मग कोणीतरी जाणता सांगे की बायॉसमध्ये जा आणि साटाला आयडीई मोडवर टाक. तसं केलं की साटा डिस्क "मी आयडीई" असं सांगायची आणि एक्सपी निमूट बसायचं.

फ्लॉपीचंही पुढे कन्व्हर्टरने भलं केलं. एम्ब्रॉयडरीची मशिनं, जुने की-बोर्ड (वाजवायचे), कारखान्यांतली सीएनसी मशिनं यांना फ्लॉपीशिवाय दुसरं काही कळत नाही आणि मशीन लाखोंचं असल्याने ते फेकताही येत नाही. त्यांच्यासाठी फ्लॉपी ड्राइव्हच्याच मापाचं एक खोकं मिळतं. तोंडाशी फ्लॉपीच्या फटीऐवजी यूएसबीचं भोक, शेजारी आकडे दाखवणारा लाल दिवा आणि दोन बटणं. एका पेनड्राइव्हमध्ये शंभर फ्लॉप्या मावतात, 0 पासून 99 पर्यंत. 37 नंबर लावला की मशीनला वाटतं कोणीतरी सदतिसावी फ्लॉपी आत सरकवली. अडचण एकच, सदतिसावर मोराची बुट्टी आहे का कुयरी हे दिव्यावर दिसत नाही. म्हणून मशीनच्या खिळ्याला दोऱ्याने एक वही बांधलेली असते आणि तिच्यात पेनाने नंबर लिहिलेले असतात. यावर हसू नये. बोइंग 747-400 विमानांत दिशादर्शनाची माहिती दर 28 दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरली जात असे, आणि अमेरिकेच्या अण्वस्त्रांशी संबंधित निरोपयंत्रणेत 8 इंची फ्लॉप्या 2019पर्यंत होत्या.

हौशी लोकांचं मात्र वेगळंच. जुनी मशिनं जपणारी जमात जगभर आहे आणि ती भलतीच जिद्दी आहे. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मॅकिन्टॉशला स्कझी डिस्क लागायची. आता त्याच्या पाठीत एक छोटा बोर्ड खोचतात आणि त्यात मोबाइलमधलं असतं तसलं मेमरी कार्ड. मॅकिन्टॉशला वाटतं आपल्याला एक नाही, चारपाच डिस्का जोडल्यात. पण या मंडळींची पुढची अडचण ऐका. डिस्क बदलली, मशीन पळायला लागलं, आणि आता म्हणे ते फार शांत वाटतं. पूर्वी काम चालू असलं की खरखर ऐकू यायची. ती नसली की मशीन चालतंय का मेलंय कळत नाही. म्हणून डिस्कच्या दिव्याच्या तारेला जोडायचं एक यंत्र निघालं. दिवा लुकलुकला की ते टकटक वाजतं. बिघडलेल्या डिस्कची टकटक बंद व्हावी म्हणून नवी डिस्क, नवी डिस्क चालावी म्हणून कन्व्हर्टर, आणि टकटक पुन्हा यावी म्हणून आणखी एक यंत्र. हे विकत घेणारी माणसं आहेत. मी त्यांना वेडं म्हणणार नाही, कारण मला ते यंत्र कुठे मिळतं ते विचारायचं आहे.

आमच्या पेठेत मात्र हौस नाही, गरज आहे. तिथे लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. विंडोज 98, पेजमेकर आणि मराठी अक्षरांचं एक जुनं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर मागच्या पॅरलल पोर्टला काडेपेटीएवढं लॉक लावल्याशिवाय उघडत नाही आणि त्या लॉकच्या पाठीत प्रिंटरची केबल. नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नसतो. यूएसबीवरून पॅरलल करणारी तार मिळते, पण ती प्रिंटरपुरती. लॉक तिला ओळख देत नाही. फायली दुसरीकडे उघडाव्यात तर "आमचे येथे श्रीकृपेकरून" या जागी रोमन अक्षरं, टोप्या आणि चलनांची चिन्हं उमटतात. त्यामुळे काकांची डिस्क टकटकायला लागली तेव्हा ऐन सराईत अर्ध्या पेठेची लग्नं टांगणीला लागली.

काकांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने तीन तोंडांचा यूएसबी कन्व्हर्टर आणून मरणोन्मुख डिस्क लॅपटॉपला लावली आणि सगळा माल उतरवून घेतला. वीस वर्षांच्या पेठेच्या सोयरिकी दोन जीबीतही भरल्या नाहीत. बाजारात एसएसडी 120 जीबीपेक्षा लहान मिळेना आणि काकांचा बायॉस 32च्या वर मौन पाळणाऱ्यांपैकी. एसएसडीला जंपर नसतो. भाच्याने लॅपटॉपवरून एक आज्ञा देऊन एसएसडीला तिची उरलेली जागा झाकून ठेवायला सांगितली आणि पुढे कोणी विचारलं तर 30 सांगायचं असं बजावलं. मग साटावरून आयडीई, मोलेक्सवरून साटा, कॅबिनेटमध्ये डिस्क बसायला जागा मोठी म्हणून खाली दुमडलेली जुनी पत्रिका. बटण दाबलं. बायॉसने चौकशी केली, समाधान झालं, विंडोजचे ढग आले.

"काका, आता हे पळतंय बघा," भाचा म्हणाला.

"पळू दे. पण आवाज येत नाही रे."

तेवढ्यात मुलीकडच्यांचा फोन आला. मुहूर्ताची वेळ बदलली, दुरुस्त केलेलं प्रूफ लगेच पाठवा. काकांनी वेळ बदलली. आता ते मशीनबाहेर काढायचं कसं? पेनड्राइव्ह विंडोज 98 वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह आहे, पण फ्लॉपी वाचणारं पलीकडे कोणी नाही. इंटरनेट त्या मशीनने पाहिलेलं नाही. भाचा कोणता कन्व्हर्टर लागेल याचा विचार करायला लागला. काकांनी खिशातून मोबाइल काढला, ट्यूबलाइट बंद केली, मॉनिटरचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला.

मिनिटभरात उत्तर आलं. भाच्याने वाचून दाखवलं, "काका, ते म्हणतायत फोटो नको, पीडीएफ पाठवा."

"हीच पीडीएफ आहे म्हणून सांग," काका म्हणाले.